न धुता शिवलेली गोधडी

मी गोधड्या शिवून ऑनलाइन विकते. केडगावात, घराच्या पुढच्या खोलीतून. एवढं सांगितलं की लोकांना दोन प्रश्न पडतात. एक, गोधडी विकत कोण घेतं? आणि दुसरा, अहमदनगर आणि अहिल्यानगर हे एकच गाव का? पहिल्याचं उत्तर मलाही नीट माहीत नाही, पण घेतात बुवा. दुसऱ्याचं उत्तर देऊन देऊन माझं तोंड दुखलंय. पार्सलावर स्वतःचा पत्ता लिहिताना मी आता दोन्ही नावं लिहिते, म्हणजे परत आलंच तर कुठल्या तरी नावानं घर सापडेल.

शिवतो आम्ही दोघी, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या पाथर्डीकडच्या, शाळेची पायरी न चढलेल्या, पण टाका असा बारीक आणि सरळ की बघत राहावं. माझा टाका लांबलांब आणि ढिला, म्हणून कडेचं महत्त्वाचं काम त्या मला करू देत नाहीत. मी फोटो काढायचे, ऑर्डर घ्यायची, तयार गोधडी मांजरपाटात गुंडाळून दाभणानं शिवायची, वर मार्करनं पत्ता लिहायचा आणि पोस्टात नेऊन द्यायची. बाकीचे लोक प्लास्टिकच्या पिशव्या वापरतात. आत्याबाई म्हणतात, प्लास्टिकात गोधडीचा जीव गुदमरतो. बरं बाई, कापड तर कापड.

आमचं भांडण व्हायचं ते घासावरून. गोधडी पुरी झाली की शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा तुकडा आणि चिमूटभर हळदकुंकू ठेवायचं आणि तो कोपरा शिवून टाकायचा, ही आत्याबाईंच्या माहेरची रीत. याला त्या घास म्हणतात. उपाशी गोधडी पांघरली तर माणसाला झोप लागत नाही, असं त्यांचं ठाम मत. घरातल्या गोधड्यांचं ठीक आहे हो. पण एका गिऱ्हाइकानं फोटोसकट लिहिलं, की कोपऱ्यातून वाळकी पोळी निघाली, तिला मुंग्या लागल्यात, हा काय प्रकार? खाली एक स्टार. माझं डोकंच फिरलं. मी आत्याबाईंना सांगून टाकलं, आजपासून घास बंद. त्या म्हणाल्या, "बंद तर बंद." इतक्या पटकन म्हणाल्या की मला तिथंच शंका यायला हवी होती.

त्याच सुमाराला हैदराबादहून एका बाईंचा फोन आला. मराठीच, नोकरीमुळे तिकडे राहणाऱ्या. त्यांची आई चार महिन्यांपूर्वी गेली होती. आईच्या सहा साड्या पाठवते, त्यांची एक गोधडी करून द्या, म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "ताई, एकच विनंती. साड्या धुवू नका. तिचा वास आहे त्यांना. तेवढाच उरलाय माझ्याकडे."

मी हो म्हणाले. शिवणार आमच्या सासूबाई, असं सांगितल्यावर म्हणाल्या, "मावशींनाही सांगा तेवढं." साड्या आल्या. मऊसूत झालेल्या सुती साड्या, कडेला विरलेल्या. वास होताच. खोबरेल तेलाचा, तपकिरीचा आणि आणखी कसला तरी, तो मला ओळखता आला नाही. आत्याबाई मात्र तोंड वाकडं करून बसल्या. "मेलेल्या मानसाच्या साड्या न धुता कुनी शिवतं व्हय? काय तरी रीत हाय का न्हाई?" मी म्हटलं, तिची आई, तिच्या साड्या, आपण कोण सांगणार? दोन दिवस कुरकुर झाली. तिसऱ्या दिवशी साडी नाकाला लावून त्या म्हणाल्या, "बाई तपकीर लई वढत आसंल बघ." आणि मग आपल्याच कुणीतरी पाहुणीबद्दल बोलावं तसं त्या बाईबद्दल बोलायला लागल्या. बाई उंच होती, कारण साडीचा घोळ खाली फाटलेला नाही. बाई उजव्या हातानं पदराला हात पुसायची. खरं खोटं देव जाणे.

गोधडी झाली. त्याच वेळी नागपूरच्या एका बाईंचीही ऑर्डर होती, आमच्याकडच्या कापडाची, रंग कुठलाही चालेल म्हणाल्या होत्या. शनिवारी मी दोन्ही गोधड्यांची पार्सलं शिवली, पत्ते लिहिले आणि दिवाणावर ठेवून दिली. रविवारी पोस्ट बंद. मी भिंगारला डोहाळजेवणाला गेले, दिवसभर तिकडेच होते. सोमवारी सकाळी पार्सलं पोस्टात दिली, पावत्या घेतल्या, पत्ते दोनदा तपासले. दोनदा! हे मी शपथेवर सांगू शकते.

आठ दिवसांनी हैदराबादचा फोन. आवाज चिरकलेला. "ताई, ही आईची नाही."

मला आधी वाटलं, शिवल्यावर कपडा वेगळा दिसतो, म्हणून ओळखलं नसेल. मी समजावायला लागले. त्यांनी फोटो पाठवला. निळ्या पट्ट्यांची गोधडी, आमच्याच कापडाची, नागपूरला जायची होती ती. म्हटलं, पार्सलाच्या वरच्या कापडाचा फोटो पाठवा. पाठवला. त्यावर माझंच अक्षर, हैदराबादचाच पत्ता, पिनकोड बरोबर. मी पावत्या काढल्या, पावत्या बरोबर. शनिवारी काढलेले फोटो पाहिले, तेही बरोबर. मग आतली गोधडी बदलली कशी? शिवलेल्या पार्सलातून गोधडी उठून दुसऱ्या पार्सलात जाऊन बसली का? मी दिवसभर त्या पावत्या मांडून बसले होते. आमचे हे म्हणाले, वाटेत कुणीतरी उघडलं असेल. कशाला उघडेल कुणी? आणि उघडून परत इतकं नीट शिवेल? मला वाटायला लागलं, माझंच काहीतरी बिघडलंय. गॅसवर दूध ठेवून मी दोनदा उतू घालवलं.

संध्याकाळी तो फोटो पुन्हा मोठा करून बघत होते, पिनकोड तपासायला. आणि पार्सलाच्या कडेची शिवण दिसली. बारीक टाका. एकाला एक लागून, सरळ.

तो माझा टाका नव्हता.

आत्याबाई ओट्याशी लसूण सोलत होत्या. मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बघितलं, लसूण खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाल्या, "उपाशी पाठवनार हुतीस तू तिला. येवढ्या लांब." रविवारी मी भिंगारला गेल्यावर त्यांनी दोन्ही पार्सलं उसवली, दोन्ही गोधड्यांना घास भरवला आणि परत शिवून टाकली. पत्ता त्यांना वाचता येत नाही. कुठली कुठल्या कापडातून काढली, हे शिवताना त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. "मला वाटलं, दोनी एकाच गावाला चालल्यात."

मी ओरडले. खूप ओरडले, खोटं का सांगू? त्या ऐकून घेत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "आधी त्या नागपूरवालीला फोन कर. तिनं धुतली बितली म्हंजे?" हे मला सुचलंच नव्हतं.

नागपूरच्या बाई फोनवर एकदम खुशीत. "अहो, किती मऊ आहे! मी कळवणारच होते." मी विचारलं, वापरायला काढली का? "हो तर. आल्या आल्या धुऊन टाकली. नवी वस्तू धुतल्याशिवाय आम्ही नाही वापरत." मी त्यांना सगळं सांगितलं. बिचाऱ्या इतक्या हळहळल्या की मलाच त्यांची समजूत काढावी लागली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गोधडी परत पाठवली. मी त्यांच्यासाठी नवी शिवायला घेतली.

हैदराबादला मी फक्त एवढंच सांगितलं, की पार्सलं बदलली, चूक आमच्या घरातली आहे, तुमची गोधडी सापडली, परत येतेय. त्या रडल्या. "सापडली ना? बस." धुतल्याचं मी बोलले नाही. म्हटलं, आधी हातात येऊ दे. कदाचित एका धुण्यानं जात नसेल वास.

आली. मी दारातच पार्सल फाडलं आणि नाक खुपसलं. गुलाबाच्या साबणाचा वास. नुसता गुलाब. कोपऱ्यात, शिवणीत, आतल्या थरात, सगळीकडे शोधलं. काही नव्हतं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि मला रडू आलं. कुणाची कोण ती बाई, मी तिला पाहिलेलंही नाही, पण मला वाटलं मी तिला दुसऱ्यांदा पोचवून आले.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते. आत्याबाई म्हणाल्या, "भिंगारच्या बाजारातून तपकिरीची डबी आन." मी म्हटलं, वेड लागलंय का तुम्हाला? त्या म्हणाल्या, "मग काय करनार तू? सांगनार तिला?" मी मोबाईल घेतला. 'तुमची गोधडी धुतली गेली' असं लिहिलं. खोडलं. परत लिहिलं. परत खोडलं. चार वाजता मी रिक्षा करून भिंगारला गेले आणि तपकीर घेऊन आले.

तळहाताला खोबरेल लावून, त्यावर तपकीर घेऊन, आत्याबाईंनी ती गोधडी चोळली. मी बघत होते, थांबवलं नाही. तेवढ्यानं भागेना. गुलाब वर यायचाच. मग दोन दुपारी त्या ती गोधडी अंगावर घेऊन झोपल्या. ऐन उन्हाच्या वेळी! घामानं चिंब झाल्या. मी म्हटलं, पुरे आता, चक्कर येईल. "म्हाताऱ्या बाईचा वास म्हाताऱ्या बाईलाच येतो," एवढंच म्हणून त्यांनी कूस बदलली. त्या तिला नंतर काही म्हणत होत्या, गोधडीला, हळूच. मला ऐकू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पार्सल शिवलं. या वेळी ढिला का असेना, माझाच टाका. स्वतः पोस्टात दिलं. पुढचे सहा दिवस मी ट्रॅकिंग उघडून बघत होते आणि पोचू नये असंही वाटत होतं. हे काय बोलणं झालं? पण वाटत होतं.

पोचलं. फोन आला. मी उचलताना देवाचं नाव घेतलं. पलीकडे त्या पुन्हा पुन्हा श्वास ओढून घेत होत्या. मग त्या म्हणाल्या, "ताई, तसाच वास आहे. अगदी तसाच. धुतली नाहीत, फार उपकार झाले तुमचे."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? फोन ठेवला आणि आत्याबाईंना सांगितलं. त्यांना आनंद झाला, त्यांनी हात जोडले. मला आनंदही होत नव्हता आणि वाईटही वाटत नव्हतं. तिला खरंच आईचा वास आला का? की आमच्या आत्याबाईंचा घाम आणि दुकानातली तपकीर म्हणजेच तिची आई, असं तिच्या मनानं धरून घेतलं? माणसाला वास आठवतो म्हणजे नेमकं काय आठवतं? रोज भांडी घासताना मी हेच घोळवत असायचे.

महिन्याभरानं हैदराबादहून एक छोटं पार्सल आलं. आत एक साडी, डाळिंबी रंगाची, घडी घातलेली. आईची शेवटची साडी, त्या बाईंनी स्वतःजवळ उशाशी ठेवलेली. मी ती नाकाशी नेली आणि मला पहिल्या दिवसाचा तो तिसरा वास आला, ओळखता न आलेला. आमच्या गोधडीत तो नव्हता. आम्ही केलेलं त्याच्या आसपासही नव्हतं. आणि ही साडी तर त्या बाईंच्या उशाशी होती, सगळा वेळ.

उशाशी असल्याचं साडीच्या घडीतल्या चिठ्ठीतच लिहिलं होतं, आणि पुढे होतं: 'ताई, हिचीही एक लहान गोधडी करा. मावशींनाच शिवू द्या, आणि त्यांच्या पद्धतीनं कोपऱ्यात जे काय घालायचं ते घालू द्या. ही धुतली तरी चालेल.'

मी तीनदा वाचली. मग आत्याबाईंना वाचून दाखवली. त्यांनी ती शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. बराच वेळ साडीवर हात फिरवत बसल्या आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिला कळलं हुतं व्हय गं?"

साडी दिवाणावर आहे. आम्ही दोघींनी अजून ती पाण्यात घातलेली नाही.