आकाशकंदिलाची काठी

शेजारच्या आजोबांचा फिशिंग रॉड मी मोडला. एवढं साधं वाक्य. डचमध्ये येत होतं, इंग्रजीत येत होतं, मराठीत तर बायकोला सांगूनही झालं होतं. फक्त ज्यांचा रॉड त्यांना सांगायला मला सात महिने लागले.

आइंडहोवनमध्ये आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना खेटून आहेत. आमच्या डावीकडे हे आजोबा एकटे राहतात. 'आजोबा' आपलं घरातल्या घरात. समोर मी त्यांना पहिल्या नावाने हाक मारतो आणि दर वेळी जीभ अडखळते. शनिवारी सकाळी ते कालव्यावर बार्स धरायला जायचे. बार्स म्हणजे अंगावर काळे पट्टे असलेला, वीतभर, भारी भांडखोर मासा. धरायचा, कौतुकाने बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मला हे आधी वेडेपणाचं वाटलं होतं, मग चटक लागली. त्यांनी मला मासेमारीचा पास काढायला लावला आणि सराव कर म्हणून स्वतःचा लाडका रॉड हातात दिला. त्याच रॉडने त्यांनी कॅनडात, लेकीच्या घरामागच्या तळ्यावर, काठच्या खडकांत उभं राहून स्मॉलमाउथ बास धरले होते. "बार्सचा दांडगट चुलतभाऊ," असं सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. पुढच्या उन्हाळ्यात लेकीकडे पुन्हा जायचं ठरलं होतं.

मग दिवाळी आली. आमच्या दाराच्या बऱ्याच वर, छपराखाली, आधीच्या भाडेकरूने ठोकलेला एक हूक आहे. बायको म्हणाली, "अरे, आजोबांकडून शिडी आण." मी म्हटलं, शिडी कशाला? लहानपणी आमच्याकडे टोकाला खिळा मारलेली काठी होती, तिच्यावर आकाशकंदील टांगून वर चढवायचो. इथे काठी नव्हती, पण कोपऱ्यात रॉड उभा होता. शहाणा मी! कंदील, बल्ब, वायर, सगळं त्या बोटाएवढ्याही नसलेल्या टोकावर टांगलं आणि उचललं. टोक वाकलं, कंदील हुकात बसला आणि कट् असा बारीकसा आवाज आला.

ऑफिसात मी दिवसभर यंत्रांच्या भागांतले केसाएवढे तडे शोधतो, त्याचाच मला पगार मिळतो. इथे बोटाखाली तडा स्पष्ट लागत होता आणि मी स्वतःला सांगितलं, छे, रंग उडालाय.

"सांगून टाक," बायको म्हणाली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणालो, आणि चकल्या-चिवड्याच्या ताटलीबरोबर रॉड परत देऊन आलो. आजोबांनी चकलीसाठी तीनदा आभार मानले.

त्या शनिवारी कालव्यावर गळ लांब फेकायला त्यांनी पहिलाच फटका मारला आणि टोक तुटून पाण्यात गेलं. त्यांनी रॉडकडे पाहिलंच नाही. स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात हल्ली कॉफीचा कप उचलताना जरासा थरथरायचा, एवढंच. "फटका चुकला," ते म्हणाले. "हात ऐकत नाही आता." मी शेजारी उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

त्यानंतर ते कालव्यावर गेले नाहीत. मला वाटलं, थंडी आहे, जातील पुढे. जानेवारीत त्यांनी डॉक्टरांना हात दाखवला. डॉक्टर म्हणाले, थोडा कंप आहे, वयाने होतो, काळजी करू नका. आजोबांनी त्यातलं 'वय' तेवढं ऐकलं. फेब्रुवारीत सांगितलं की कॅनडाला जाणं रद्द केलंय. "लेक शेजारी उभी असणार. तिने हे बघायला नको." मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "माणूस आहेस की कोण आहेस रे तू?" बरोबरच होतं तिचं.

एप्रिलमध्ये आजोबांनीच दार वाजवलं. "आता तुला स्वतःचा रॉड हवा. चल, मी निवडून देतो." अक्षरशः पाय ओढत गेलो मी.

दुकानात भिंतभर रॉड. मी सगळ्यात महाग दिसणाऱ्याकडे हात नेला, त्यांनी तो हलकेच बाजूला केला. "काठावरूनच मासे धरणार ना? मग लांबी दोन मीटर दहा ते दोन मीटर चाळीस. आखूड घेतलास तर पाण्यातलं समोरचं बोरूचं बेट ओलांडणार नाहीस, लांब घेतलास तर मागच्या झाडात अडकशील." आमिषाचा पाच ग्रॅमचा रबरी मासा आणि वीस ग्रॅमचा पत्र्याचा चमचा, दोन्ही एकाच रॉडने फेकता आले पाहिजेत, म्हणाले. एक रॉड उचलून त्यांनी टोक माझ्या तळहातावर टेकवलं आणि दाबलं. "टोक हळवं हवं, माशाने नुसतं हुंगलं तरी कळतं. पाठ खमकी हवी, मासा दगडाखाली घुसला तर आवरता येतो. आणि दोन तुकड्यांचा घे, सायकलवर नेता येईल." मग म्हणाले, "टोकावर कधी वजन टांगू नकोस हं. मोडतंच."

चोराच्या मनात चांदणं. मी चटकन त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं, बिचारे मनापासून शिकवत होते.

शेवटी त्यांनी एक साधा, काळा, कॉर्कच्या मुठीचा रॉड निवडला. डोळे मिटून बोटांवर तोलला. "कॅनडाला मी हाच नेला असता." दुकानदाराने तो त्यांच्याच हातात सरकवला तर म्हणाले, "मला नको, मी मोडतो. याला द्या." दुकानदार हसला. आणि मी, नालायक, मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही इतकी लाज वाटते की एकटा असलो तरी कान तापतात.

एप्रिल-मेमध्ये बार्स धरायला असलेली बंदी मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उठते. मी हट्टाने त्यांना कालव्यावर नेलं. ते खिशात हात घालून उभे राहिले. "मार फटका," म्हणाले. मला मारवेना. रॉड हातात धरूनच मी सांगून टाकलं, व्याकरणाची ऐशीतैशी करत: दिवाळी, हूक, कट् आवाज, सगळं.

त्यांना आधी कळेना. "कागदाचा दिवा? तोच, ज्याचा उजेड माझ्या अंगणात पडायचा?"

"तोच."

"मला तो आवडायचा," ते म्हणाले. "सात महिने मी माझ्या हाताला शिव्या दिल्या. त्या तुझ्या होत्या."

आणि त्यांनी त्या मला दिल्या. चांगल्या दणदणीत, डचमध्ये, पलीकडून जाणारी सायकलवाली थांबून बघेपर्यंत. मी खाली मान घालून ऐकल्या. झाल्यावर त्यांनी खिशातून हात काढून पुढे केला. मी रॉड दिला. हात थरथरतच होता, पण फटका मारताना थांबला, आणि रबरी मासा थेट पलीकडच्या बोरूच्या कडेला जाऊन पडला.

रॉड ते स्वतःच्याच घरी घेऊन गेले. जुलैत कॅनडालाही घेऊन गेले. तिकडून एक फोटो आला: लेक, बास आणि आजोबा. मजकूर नव्हता.

या दिवाळीत मी विचारायच्या आत ते शिडी घेऊन दारात हजर. "रॉड मी लपवून ठेवलाय," म्हणाले. मी वर चढलो, त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली. उन्हाळ्यानंतर त्यांचा कंप फार वाढलाय. कप आता अर्धाच भरतात, आणि हल्ली ते कालव्यावर येतात ते नुसते बसायला. कंदील हुकात अडकवताना शिडीतून तो कंप माझ्या तळपायांपर्यंत येत होता.

मागच्या हिवाळ्यात तो हात चांगला होता.