हमीचा तेरावा महिना

बोलायला सुरुवात करण्याआधी मामा कोटाच्या डाव्या छातीवर दोनदा थापटत. आतल्या खिशात कागद असे. तो जागच्या जागी आहे अशी खात्री पटली की मग तोंड उघडत. "आपला कागद पक्का आहे, भिया." समोरचा ओळखीचा असो की परका, त्यांच्या तोंडी तो भियाच, म्हणजे भाऊ; कागदाचा विषय निघालेला असो की नसो. भाजीवालीशी गिलक्यांवरून हुज्जत घालतानाही मी त्यांना छातीवर थापटताना पाहिलं आहे.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. एकाच गोष्टीवर त्याचा सगळा भरवसा असतो, आणि त्या भरवशाला आपल्यासारखी शहाणी माणसं गालातल्या गालात हसत असतात. मीही हसत होतो. पुढे माझं हसू बंद झालं, ते का, हेच सांगायला बसलो आहे.

मामा माझे कोणी लागत नव्हते. साऱ्या धारचे ते मामा. घराणं मराठ्यांचं, दोन पिढ्या संस्थानच्या पागेत गेलेल्या. मामांनी पाग सोडून स्वतःचा टांगा घातला. धारला रेल्वे नव्हती; मुंबईची वाट धरायची तर आधी महूचं स्टेशन गाठावं लागे. त्या रस्त्यावर मामांनी वीस वर्षं घोडे हाकले. घोड्यांशी ते माळव्याच्या मालवी बोलीत बोलत, बायकोशी मराठीत आणि नाकेदाराशी हिंदीत. रागावले की तिन्ही भाषा एकदम बाहेर पडत.

मग एके दिवशी घोडे विकले, टांगा विकला, मामीच्या अंगावरचं काय होतं नव्हतं ते विकलं आणि इंदूरच्या एका एजंटाकडून मोटार घेतली. सहा माणसांची, उघडी, हिरव्या रंगाची. ती धारला आली अक्षय तृतीयेला. मामा तिला तिकडच्या रीतीप्रमाणे आखातीज म्हणत. मुद्दाम तो दिवस साधला होता, कारण त्या दिवशी घरात आलेलं सरत नाही. मामीनं मोटारीच्या चाकाखाली नारळ ठेवला, दिव्यांना हळदकुंकू लावलं आणि सवयीनं तिच्यापुढे मूठभर हरभरेही धरले. आम्ही पोट धरून हसलो. मामा हसले नाहीत. "पहिला दिवस आहे, तिलाही घर कळायला हवं," म्हणाले.

मोटारीबरोबर तो कागद आला. इंग्रजीत होता म्हणून मामा तो घेऊन माझ्याकडे आले. मी दरबारच्या कचेरीत कारकून, चार इंग्रजी अक्षरं येणारा. मी वाचून सांगितलं: एक वर्षाच्या आत एखादा भाग खोटा निघाला तर कंपनी नवा बसवून देईल. मामांनी कागदाची घडी घातली, कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. "घोडा विकणारा असं लिहून देतो का कधी? अपना कागद पक्का है, भिया."

संस्थाननं त्यांना धार-महू रस्त्याचा परवाना दिला. अट एकच होती. मोटार सलग दोन महिने नाक्यावरून गेली नाही, तर परवाना रद्द होऊन दुसऱ्याला मिळणार. मामांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांची मोटार दोन दिवससुद्धा थांबत नसे. आजारी माणसाकडून मात्र भाडं घ्यायचं नाही, हा त्यांचा टांग्यापासूनचा नेम होता. कोणी फार आग्रह केला तर म्हणत, "बरे होऊन या, मग घेतो." बरा झालेला माणूस कशाला महूच्या दवाखान्यात जातोय!

त्या वर्षी माझ्या बायकोच्या डोळ्यांना काही तरी झालं. डोळे लाल, सारखं पाणी, पुढे पुढे तर ताटातलं दिसेना. महूच्या डॉक्टरनं दर आठवड्याला औषध घालायला बोलावलं आणि बजावलं की एकही खेप चुकता कामा नये, चुकली तर नजरेची शाश्वती नाही. टांग्यानं जायचं म्हणजे दिवसभर धूळ आणि धक्के. मामा आपण होऊन म्हणाले, "वहिनीसाहेबांना मी नेईन." भाड्याचं मी विचारलंच नाही. खरं सांगायचं तर मला ते परवडणारंही नव्हतं.

रंगपंचमीच्या सुमाराला मोटारीच्या मागच्या अंगातून कडकड आवाज येऊ लागला. महूच्या मिस्त्रीनं खाली शिरून पाहिलं आणि सांगितलं की मागची चाकं फिरवणारं दातेरी चाक सदोष आहे, गाडी इंदूरला एजंटाकडे टाका. मामा कचेरीत माझ्या टेबलाशी आले. अंगावर रंग तसाच होता.

"भाऊसाहेब, गाडी इंदूरला टाकली तर महिनाभर अडकेल. वहिनीसाहेबांच्या पाच खेपा उरल्यात. त्या उरकल्या की टाकतो. कागद आखातीजपर्यंत आहे ना?"

माझ्यासमोर फायलींचा ढीग होता. मी मान वर केली नाही. "हो हो, वर्षाचा आहे," म्हणालो. त्या पाच खेपा चुकू नयेत, हेही माझ्या मनात होतं. ते आज कबूल करतो.

आता तुम्ही म्हणाल, यात चूक कुठे झाली? ती अशी. त्या वर्षी अधिक श्रावण होता. आमचं वर्ष तेरा महिन्यांचं झालं होतं. आखातीज एकोणीस दिवस पुढे गेली होती. मुंबईच्या कंपनीला अधिक श्रावणाची काय खबर! मामांना इंग्रजी तारखा कळत नव्हत्या असं नाही, रेल्वेची गिऱ्हाइकं नेणाऱ्याला त्या कळाव्याच लागतात. पण वर्ष म्हणजे आखातीज ते आखातीज. जन्म, लग्न, श्राद्ध, सगळं ज्या हिशेबानं चालतं, त्याच हिशेबानं मोटारही चालणार, यात त्यांना शंका घेण्यासारखं काही दिसलं नाही, असं मी समजत होतो. आणि मला शंका यायला हवी होती, तर मी मान वर केली नव्हती.

शेवटच्या, पाचव्या खेपेहून आम्ही परत येत होतो. बायकोच्या डोळ्यांवर ओली पट्टी. घाटाबिल्लोदला चंबळ ओलांडून मोटार चढाला लागली आणि मागून लोखंडी भांडं फुटल्यासारखा आवाज झाला. मोटार थांबली, मग हळूहळू मागे सरकू लागली. मामांनी उडी मारून चाकाला दगड लावला. चैत्र वद्य दशमी होती. ऊन असं की पत्र्याला हात लावता येईना. मामांनी छातीवर दोनदा थापटलं. "काळजी नको, वहिनीसाहेब. आखातीजला अजून आठ दिवस आहेत."

मोटार ओढत इंदूरला नेली. एजंटानं कागद पाहिला, मोटार मोडल्याचा दिवस विचारला, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाला, "मुदत त्याच्या अकरा दिवस आधीच संपली."

मामांना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी मोटारीच्या दाराच्या आतून मामीनं पहिल्या दिवशी कुंकवानं लिहिलेली तिथी दाखवली. एजंट वाईट माणूस नव्हता. त्यानं तिथी वाचली, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, "बात तो आपकी सही है." पण नवा भाग मुंबईहून यायचा, आणि त्याची किंमत ऐकून मामा खाली बसले. विकायला आता घोडेही नव्हते.

मग सुरू झाली दारोदार पायपीट. मी मुंबईला इंग्रजी अर्ज लिहिला. मामांनी त्याला पंचांगाचं अधिक श्रावणाचं पान जोडलं आणि गावच्या जोशीबुवांकडून दाखलाही आणला: 'सदर वर्ष तेरा मासांचे होते.' खाली सही आणि शाईत बुडवलेला अंगठा. अंगठ्याची गरज नव्हती, पण मामांना कच्चं काही चालत नसे. उत्तर आलं तीन ओळींचं, छापील. कंपनी दिलगीर होती. मात्र कागदाच्या अगदी तळाशी, शाईनं, बारीक मोडीत कोणी तरी एक ओळ लिहिली होती: 'पंचांग आपलें बरोबर आहे. येथें इलाज नाहीं.' मुंबईच्या त्या कचेरीतला कोणी मराठी कारकून असणार, माझ्यासारखाच. मी ती ओळ वाचून दाखवली, तर मामांचा चेहरा उजळला. "बघा! म्हटलं नव्हतं?" जणू मोटारच दुरुस्त झाली.

धारला एका मोठ्या अधिकाऱ्याकडे अर्ज केला. ते फार सभ्यपणे बोलले. आजारी घोड्यासाठी तरतूद आहे, मोटारीसाठी नाही. "टांगा असता तर काही तरी केलं असतं हो," म्हणाले, आणि ते खरोखर हळहळले.

शेवटी आम्ही देवासला गेलो. मामांचा मावसभाऊ तिथे नोकरीला होता. त्यानं कळवलं होतं की त्याच एजंटानं तिथल्या वाड्यावर मोटार दिली आहे, तिथून एक शब्द गेला तर काम होईल. देवासात तेव्हा दोन राज्यं होती. गाव एक, मधून रस्ता, अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. अलीकडच्यांनी सांगितलं, मोटार पलीकडे आली आहे. पलीकडच्यांनी पान दिलं, मामांची सगळी हकिकत ऐकली, पंचांगावर मान डोलावली आणि सांगितलं की मोटार त्या एजंटाची नव्हेच, थेट मुंबईची आहे. बाहेर आलो. मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

"भाऊसाहेब, आत्ता आपण कोणाच्या राज्यात आहोत?"

मला हसू आलं, त्यांनाही आलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मी दुसरीकडे पाहिलं.

एव्हाना दोन महिने भरत आले होते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. आमच्याकडे दुष्काळ नव्हता, नुसता तेरावा महिनाच एका माणसाचं घर धुऊन गेला. परवाना वाचवायला मामांनी काय केलं असेल? एका तेल्याकडून बैलजोडी मागून आणली, मोटारीला दोर बांधला, स्वतः आत बसून चाक धरलं आणि मोटार नाक्यावरून पार नेली. वाटेवरच्या पोरांनी गिल्ला केला. मामा सरळ समोर पाहत होते, आणि वळणाशी भोंगासुद्धा वाजवला. नाकेदारानं वहीत लिहिलं: 'मोटार गेली.' त्याच्यापुरती त्यानं मदत केली. एकदा नेऊन भागलं असतं, पण खाडा राहू नये म्हणून मामांनी असं चार दिवस केलं. पाचव्या दिवशी वरच्या कोणा अधिकाऱ्यानं पाहिलं, आणि परवाना दुसऱ्याच्या नावावर झाला.

धार सोडण्याआधी मामा माझ्या घरी आले. मोटार भंगारात गेली होती. मावसभावानं देवासला एका सरदाराकडे मोटार हाकायची नि धुवायची चाकरी पाहून दिली होती. खिशातून कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "तुमच्याकडे असू द्या. तुम्हाला वाचता येतो."

त्यांच्या मनात काही नव्हतं. मला मात्र तो हातात घेववेना. शेवटी बायकोनं उचलला.

चार वर्षांनी कचेरीच्या कामानं देवासला जाणं झालं. टेकडीच्या पायथ्याशी मामा भेटले. परक्याची काळी मोटार, बादली, हातात ओलं फडकं. वाळले होते. अंगात कोट नव्हता, नुसती बंडी होती. इकडचं तिकडचं बोललो, आणि मग चार वर्षं गिळून ठेवलेलं मी बोलून टाकलं.

"मामा, त्या रंगपंचमीला तुम्ही विचारलंत ना, तेव्हा मी कागदाकडे पाहिलंच नव्हतं."

"मालूम है," मामा म्हणाले. "तुम्ही मान वर केली नव्हती."

"मग फिरून विचारलं का नाही?"

त्यांनी फडकं पिळलं. "फिरून विचारलं असतं तर तुम्ही कागद उघडला असता. मनात आलं होतं माझ्या, साहेबाचं वर्ष आधी संपत असेल तर. पण पाच खेपा होत्या ना, भिया."

त्यांनी पिळलेलं फडकं बादलीच्या कडेवर टाकलं.

"वहिनीसाहेबांचे डोळे कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणालो. "सुईत दोरा स्वतः ओवते आता."

"मग झालं."

त्यांचा हात आपोआप छातीकडे गेला. बंडीला खिसा नव्हता. तरी त्यांनी दोनदा थापटलं, आणि बादली उचलून मोटारीच्या पलीकडच्या अंगाला गेले.