दोनदा विचारणारे वकील काका

"जहाज मच्छीमारांच्या नावेला धडकलं!" जहाजावर नोकरीला असलेला माझा नवरा फोनवर रडत होता. कोणी मेलं नव्हतं, पण पहाऱ्यावर हा होता, अन् कंपनी म्हणत होती, चूक तुझीच असं लिहून दे. जहाज तर मशीन स्वतःच्या डोक्याने चालवत होती! मी पोरीला कडेवर घेतलं आणि चालू फोन घेऊन वरच्या मजल्यावरच्या वकील काकांकडे धावले.

काका देवासच्या कोर्टात जमिनीच्या केसेस लढतात, समुद्र त्यांनी कधी बघितलेला नाही. मलासुद्धा भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात. बोलताना शेव खातात, अन् एकच सवाल दोनदा विचारतात.

काकांनी फोन हातात घेतला. "झोपले होते का जावईबापू?"

"नाही काका."

काकांनी शेव चावली. "जहाज वळवलं कोणी?"

"मशीनने."

"बरं. झोपले होते का?"

या वेळी फोनमधून हळू आवाज आला, "डुलकी लागली होती, काका."

मी कपाळावर हात मारला. काका मात्र खुश. "आता बोललात! मशीनचा कायदा अजून बनतोय, तोवर पहाऱ्यावरच्या माणसालाच धरतात. म्हणून दोन्ही लिहा, तुमची डुलकी अन् मशीनचं वळण. एक लपवलं तर दुसरं कोण मानेल?" मग फोन माझ्या हातात दिला. "भिया, तो तुझंच ऐकेल."

नोकरी जाणार, हे मला दिसत होतं. तरी मी जोरात म्हटलं, "लिही, दोन्ही लिही." तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?