दारातली पोर

बँकेने कोलकात्याला बदली केल्यापासून विनीता तिथल्या बेहाला भागात एकटीच राहायची. मराठी मंडळात नेमाने जायची, पण बुजरी इतकी की कुणी प्रसाद पुढे केला तरी आधी मागे वळून बघायची. यंदा गणपतीतल्या नाटकात तिला बिनसंवादाचं काम मिळालं. एक अनोळखी मुलगी दारापर्यंत येते, घरातलं हसणं-खिदळणं ऐकते आणि आल्या पावली परत जाते. दिग्दर्शक म्हणाला, "तू नुसती उभी राहा. तुला जमेल."

प्रयोगात ती दारात उभी राहिली, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या प्रेमलताकाकू भान हरपून ओरडल्या, "अगं, बाहेर का उभी? ये ना आत!" सगळे हसले. विनीताचा पाय उंबऱ्यावर पडलाच होता. तो तिने कसाबसा मागे घेतला. नाटकात आत जायचं नव्हतं.

नाटक संपल्यावर रंग पुसून, केसांचा टोप काढून ती काकूंपाशी जाऊन घुटमळली. काकूंनी तिलाच विचारलं, "ती दारातली पोर कुठे गं? घरी जेवायला बोलवायचं होतं तिला."

"मीच ती" हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"गेली ती," विनीता म्हणाली.