बिनभेसळ घराची दोसिंदा

दोसिंदाच्या तळघरामागे वाईनचा टँकर थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि म्हणाला, "कामिलो कुठंय? नेहमीइतकीच ओतू ना?" दोसिंदाच्या पायाखालची जमीनच सरकली. तिचा नवरा कामिलो नाताळात वारला होता. आणि 'नेहमीइतकीच' म्हणजे काय हो? या घरात बाहेरच्या द्राक्षाचा एक मणी आलेला नाही, असं ही बाई जन्मभर छातीठोकपणे सांगत आली होती!

खाडीवरच्या त्या गावात थंडी सरली की घरोघरी दारावर तमालाची फांदी टांगतात. फांदी दिसली की आत घरची वाईन आणि घरच्या अंड्यांचं बटाटा घातलेलं आम्लेट विकत मिळणार. घरची म्हणजे घरचीच. दोसिंदाच्या अंगणात लोक घोट घेत आणि म्हणत, 'एन्शेब्रे'. ज्यात काही मिसळलं नाही, पाणीसुद्धा नाही, ते एन्शेब्रे. शब्द आला कुठून, यावर पाद्री आणि मास्तर तिच्याच बाकावर बसून भांडत. पाद्री म्हणे, लॅटिनमधल्या 'वेगळं काढण्या'वरून. मास्तर म्हणे, थापा मारू नका, नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण वाईनला लावायचा शब्द माणसांनाही लावायचे: अस्सल, आपल्या मातीचं. दोसिंदाला कुणी एन्शेब्रे म्हटलं की बाई हरभऱ्याच्या झाडावर चढलीच.

त्याच तोऱ्यात तिनं सख्ख्या भावाला तोडलं होतं. एलादिओच्या पिंपात विकतची वाईन आहे असा बोभाटा झाला, तेव्हा भर अंगणात तिनं त्याच्या हातातला पेला हिसकावून जमिनीवर ओतला. आईच्या वेलींना बट्टा लावलास, म्हणाली. कामिलो शेजारीच उभा होता, आम्लेट कापत. त्यानंतर एलादिओच्या दारी गिऱ्हाईक फिरकलं नाही. मेहुण्याच्या मयतीला तो आला, तेव्हाही हिनं मान वळवली नाही.

ड्रायव्हर बिचारा सांगत सुटला. वेली थकल्या, गिऱ्हाईक वाढलं, कामिलोनं हा मार्ग काढला. "पहिल्यांदा कामिलो आणि एलादिओ, दोघं मेहुणे मिळूनच आले होते माझ्याकडे," तो म्हणाला.

दोसिंदानं त्याला भरल्या टँकरनिशी परत धाडलं आणि एप्रनसकट चढावरच्या भावाच्या मळ्याकडे निघाली. एलादिओ वेली बांधत होता.

"कामिलोचं तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग त्या दिवशी अंगणात बोलला का नाहीस?"

त्यानं हातातली गाठ आधी पुरी केली. "दोघांपैकी एकाचंच नाव वाचणार होतं, पोरी. माझं तर गेलेलंच होतं."

ती त्याच्या पायाशी बसली, ओल्या मातीत. माफी मागायची सोडून तिनं खाली पडलेली सुतळी उचलून त्याच्यापुढे धरली. एलादिओनं अंगातला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला आणि पुढची वेल बांधायला घेतली.