आकडा तोच, कपॅसिटर दुसरा

बाई कपॅसिटर आधी हुंगत, मग त्याला मीटर लावत. गळका कपॅसिटर कुजक्या मासळीसारखा वास मारतो, आणि सातपाटीच्या कोळीवाड्यात जन्म गेलेल्या बाईंना तो वास फसवू शकत नसे. नाक मुरडून त्या तो ट्रेबाहेर टाकत. "मेला ह्यो," एवढंच म्हणत.

बोईसरच्या एका लहान कारखान्यात आम्ही होड्यांच्या बॅटऱ्यांचे चार्जर बनवत असू. मी खरेदीला, बाई टेस्टिंगला. मी कॉमर्सचा माणूस. कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे सुटे भाग, मला त्यांनीच शिकवले. उभ्या डबीसारखा असतो तो इलेक्ट्रोलिटिक. आतल्या उष्णतेनं तो लवकर सुकतो, म्हणून एकशे पाच डिग्री सोसणाराच घ्यायचा. आयसीच्या चिपेशेजारी चिमुकला सिरॅमिक. आणि घरातली वीज चार्जरमध्ये शिरते तिथे मात्र फक्त चौकोनी, सेफ्टीचा छाप असलेला.

"बाकीचे बिघडले तं चार्जर बंद पडंल," त्या म्हणत. "ह्यो बिघडला तं घर पेटंल."

मालकांना तो चौकोनी महाग वाटू लागला. त्याच आकड्याचा, म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा, साधा कपॅसिटर बाजारात स्वस्तात मिळत होता. आकडा तोच आहे ना, मग आण, म्हणाले. मी आणला. बाईंनी पहिला खोका उघडला आणि मी त्यांच्या ताटात थुंकलो असावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"आकडा तोच हाय. पन सेफ्टीचा मरतो तो गप मरतो. ह्यो आग लावून मरंल."

त्यांनी माल नाकारला. मालकांनी मला त्यांच्या नकारावर मंजुरीची सही करायला सांगितलं. मी केली. का केली ते सांगत बसत नाही; अशी कारणं तुम्हीही ऐकली असतील.

काही महिन्यांनी दातिवऱ्याचा एक म्हातारा मच्छीमार पिशवीत जळका चार्जर घेऊन आला. घरात लावलेला असताना तो पेटला होता आणि विझवताना सुनेचा हात भाजला होता. मालकांनी त्याला बसही म्हटलं नाही. तुम्हीच आत खारं पाणी जाऊ दिलं असेल, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला अजून किळस येते.

बाई टेबलावरून उठून आल्या. चार्जरचं झाकण त्यांनी उचकटलं आणि फुटलेला कपॅसिटर चिमट्यात धरून म्हाताऱ्यापुढे केला.

"बाबा, पानी नाय गेलं. आमीच हलका माल लावला."

मग तेच त्यांनी कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि कागद म्हाताऱ्याच्या हातात दिला. त्या कागदाच्या भीतीनं मालकांनी सुनेच्या उपचारांचा खर्च दिला, शिल्लक चार्जरमधले कपॅसिटर गुपचूप बदलून घेतले, आणि त्याच आठवड्यात बाईंना काढून टाकलं. विकल्या गेलेल्या चार्जरबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. ते चार्जर बाई आता किनाऱ्यावरच्या गावांत घरोघर जाऊन उघडून बघतात, असं ऐकतो. जाऊन भेटायचं तोंड मला नाही.

मला आठवतात त्या शेवटच्या संध्याकाळच्या बाई. माझ्या खिडकीखालीच, गेटवर, वॉचमननं त्यांना पिशवी रिकामी करायला लावली. डबा निघाला, चष्मा निघाला, मग एक भिंग निघालं. "ये तो कंपनी का है," वॉचमन म्हणाला. ते भिंग बाईंनी स्वतःच्या पैशानं पालघरच्या बाजारात घेतलं होतं. घेताना मी सोबत होतो.

बाईंनी एकदाच वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी खाली मान घालून फाईल चाळू लागलो. पुन्हा वर पाहिलं तेव्हा भिंग वॉचमनच्या टेबलावर होतं, आणि बाई रस्त्याला लागल्या होत्या.