चौकात लावलेली सगळ्यात उंच इमारत

आटपाट नगर वगैरे काही नाही हं, आपलं सोलापूरच. तिथं एका पत्र्याच्या घरात दोन जावा राहत होत्या. थोरली काशव्वा, धाकटी गंगव्वा. थोरली शहाणी, आणि धाकटी म्हणजे मी!

आता काय सांगू तुम्हाला, या वयात मी जी माती खाल्ली ती सगळ्या पेठेनं मान वर करून बघितली. वरच करावी लागायची, एवढी ती उंच होती!

थांबा, आधीपासून सांगते. मी मंगळवेढ्याकडची. आमच्या शिवारात सगळ्यात उंच काय, तर ज्वारीचं ताट. लग्न होऊन सोलापुरात आले आणि गिरणीचं धुराडं बघताना डोक्यावरचा पदर मागं पडला माझा. पहिल्याच आठवड्यात बाजारात चुकले. रडत उभी होते, तर अक्का शोधत आली. थोरल्या जावेला मी अक्काच म्हणते. म्हणाली, "रडतीस कशाला गं? मान वर कर. धुराडं दिसलं की तिकडं चालत सुटायचं. त्याच्या पायाशीच आपलं घर हाय."

चाळीस वर्षं त्या धुराड्याखाली आम्ही दोघींनी एका चुलीवर कडक भाकरी केल्या. भांडलो नाही असं नाही, पण दुपारचं जेवण एकाच ताटात.

मग गिरणीचा भोंगा बंद झाला. अक्काचा मुलगा तिला घेऊन गावाच्या पार टोकाला, जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये गेला. तिचा नातू विनू अमेरिकेत, शिकागोला. माझी नात श्रुती चीनमध्ये, शांघायला, मागाची यंत्रं करणाऱ्या कंपनीत. बघा की, पत्र्याखालची पोरं कुठल्या कुठं गेली!

आणि तिथंच बिनसलं. एका बारशात अक्का चार बायकांत म्हणाली, "आमच्या विनूच्या गावात दोन शिंगांची इमारत हाय, तिच्याएवढी उंच जगात न्हाई."

मी गप्प बसणार होय? "कवाची गोष्ट सांगतीस अक्का? चीनमध्ये आता रोज नवी इमारत उठती, कालची बुटकी ठरती. शांघायची सहा विसा मजल्यांची हाय!"

"चिनी माल! किती दिस टिकायचा?"

"आणि तुमची अमेरिका म्हातारी झाली, तुझ्यामाझ्यासारखी!"

पाळण्यातलं पोर राहिलं बाजूला. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझा विनू त्या इमारतीत चढलाय तरी का? खालनंच बघत असंल."

अक्का उठली. घुगऱ्याही न घेता गेली. वर्षभर बोलणं नाही.

आणि नेमका श्रुतीचा साखरपुडा ठरला. पोरगी शांघायहून फोनवर म्हणते, "आज्जी, मला न्हाऊमाखू मोठ्या आज्जीनं घातलंय. ती आली नाही तर मी अंगठी घालणार नाही."

माझा मुलगा म्हणाला, "आई, जाऊन बोलावून आण की."

"मी? तिच्या दारात? आधी तिला कळू दे कुणाची इमारत उंच ते!"

खरं सांगू? जीव तिच्यासाठी तुटत होता, पण नाक मधे येत होतं.

मग डोकं चालवलं. सोलापुरात एखादी गोष्ट खरी कधी होते? तिचा फ्लेक्स लागला की! गेले सलीमभाईच्या दुकानात. "शांघायची उंच इमारत पायजे. चौकात लावायची."

त्यानं कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. नदी, काठावर इमारतीच इमारती, आणि मधे एक, पिळलेल्या चादरीसारखी.

"ये देखो आज्जी, शांघाय."

"ही? हिला तर पीळ पडलाय. आणि शेजारणीसुद्धा हिच्याच खांद्याला लागल्यात. दुसरी दाखव."

तो दाखवत गेला, मी नको म्हणत गेले. मग एक आली. काळी, ताठ, एकटीच आभाळात घुसलेली. आणि वर दोन उंच काठ्या! आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाच्या काठ्या निघतात ना, अगदी तशा. मी तिथंच हात जोडले.

"हीच!"

"आज्जी, ये वो नई..."

"मला शिकवू नगंस. हीच! घराएवढी मोठी कर. आणि लिही, 'आमच्या घराण्याची शान, जगात सगळ्यात उंच!' खाली माझं नाव."

सकाळी फ्लेक्स लागला आणि पेठ गोळा झाली. दूधवाला विचारतो, "आज्जी, ही स्कीम कुटं हुतीय? बुकिंग चालू झालं का?"

"आरं, ही परदेशातली हाय."

"मग तितं पाणी किती दिवसाआड येतं?"

दोन दिवसांनी श्रुती आली. रिक्षातून उतरली, वर बघितलं आणि हसत सुटली. "आज्जी, ही शांघायची नाही गं! ही शिकागोची. विनूदादाची!"

"व्हय? आणि त्या काठ्या?"

"तीच ती शिंगं!"

"अगं, मी नंदीध्वज समजले की! मग आपली कुठली?"

"पिळाची. ती हिच्यापेक्षा उंच आहे, आज्जी. पण तिथं आजूबाजूला सगळ्याच उंच, म्हणून फोटोत कळत नाही. ही जुनी, एकटी उभी, म्हणून डोळ्यांत भरते."

म्हणजे जिंकलेला डाव मी स्वतःच्या नावानिशी, भर चौकात हरले होते! मुलाला शिडीवर चढवलं. "काढ आधी! कुणी बघायच्या आत काढ!"

त्यानं एक गाठ सोडली आणि कोपऱ्यावर रिक्षा थांबली. आतून कोण उतरावं? अक्का! कुणीतरी फ्लेक्सचा फोटो थेट शिकागोला पाठवला होता आणि विनूनं लगोलग तिला फोन केला होता.

अक्कानं वर बघितलं. मग शिडीकडं बघितलं. "हे काय चाललंय?"

"वाकडं लागलंय गं अक्का, नीट बांधायला लावलंय."

माझ्या मुलानं वरून माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं! आणि मुकाट्यानं गाठ परत मारली.

अक्काचे डोळे भरले. "गंगे, मला वाटलं तुला माझ्या विनूचं बरं बघवत न्हाई. आणि तू भर पेठेत..." पदरानं डोळे पुसत म्हणाली, "तितं फ्लॅटात दुपारी एकटीचं वाढून घ्यायचं म्हंजे घास उतरत न्हाई बघ."

आता सांगा, अशा वेळी खरं बोलतात होय? मीही रडले. तिला वाटलं, मायेनं. निम्मं मायेनंच होतं. निम्मं त्या पिळाच्या इमारतीपायी!

साखरपुडा थाटात झाला. अक्कानंच श्रुतीची ओटी भरली आणि येईल त्या पाहुण्याला धरून सांगितलं, "आमची धाकटी लई मोठ्या मनाची हाय!" विहीणबाईंनी तर मला वाकून नमस्कार केला. श्रुतीचे खांदे गदगदत होते. लोकांना वाटलं, पोरगी लाजतेय.

लग्न आता माघात आहे. विनू येणार आहे, आणि तोवर अक्का माझ्याकडंच राहायला आली आहे. पोरीला चांगलं घर मिळालं, मला माझी जाऊ मिळाली. सगळं चांगलं झालं, आणि आयुष्यात एकदा मोठ्या मनाची म्हणून माझं नाव झालं, तेही फोटो चुकला म्हणून!

हे मी सांगतेय आणि श्रुती लिहून घेतेय. अक्का बाहेर अंगणात शेंगा सोलत बसली आहे. आत येऊन काय लिहिताय म्हणून दोनदा विचारून झालं. मी सांगितलं, तुझंच कौतुक. तिलाही माझ्यासारखंच वाचता येत नाही, हे देवाचे उपकार. तुम्ही तेवढं तिला वाचून दाखवू नका!